बाबांवरची केस

बाबा मंगळवारी गेले. चहा पिऊन झाला होता. कप त्यांनी मोरीत ठेवला, खुर्चीत बसले आणि पेपर मागितला. मी पेपर घेऊन आले तेव्हा ते नव्हते.

माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. विमानं बदलत तो घरी पोहोचला तोवर बाबांना नेऊन दोन दिवस झाले होते. आल्यावर त्याने आईला जवळ घेतलं, बॅग भिंतीशी ठेवली, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाला, "शेवटी मीच आलो. ते काही आले नाहीत."

आईला हे लागलं, पण भावाचं म्हणणं खोटं नव्हतं. तिकडे जाऊन त्याला चौदा वर्षं झाली होती. घर घेतलं तेव्हा त्याने बाबांना बोलावलं, मुलगी झाली तेव्हा बोलावलं, तिच्या प्रत्येक वाढदिवसाला बोलावलं. बाबांकडे दर वेळी नवं कारण असायचं. आधी थंडी, मग गुडघा. एकदा तर "तुळशीला पाणी कोण घालणार" असं म्हणाले, तेही मी समोर तुळशीला पाणी घालत असताना. त्यांनी पासपोर्टच काढला नाही. आई एकटी जायला तयार नव्हती. हळूहळू भावाने बोलावणं सोडून दिलं. तो देश सोडून गेला याचा राग बाबांनी मनात धरला, अशी त्याची खात्री झाली होती. फोनवर दोघं हवामानाबद्दल बोलत. नाशिकला किती, तिकडे किती. चौदा वर्षं बापलेकांनी एकमेकांना तापमान सांगितलं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. बाबा एका सरकारी कार्यालयात रेकॉर्ड सांभाळायचे. त्यामुळे घरात बोलण्यापेक्षा कागद जपण्याची सवय सगळ्यांना जास्त. त्यातही बाबा म्हणजे कायद्याने वागण्याची हद्द. सिग्नल पिवळा झाला की ते स्कूटर बंद करून चक्क खाली उतरायचे. पोलीस दिसला की थांबून, आपणहून लायसन्स काढून हातात धरायचे. एकदा रविवार कारंजा चौकात एक हवालदार त्यांना म्हणाला होता, "अहो काका, मी तुम्हाला थांबवलंच नाहीये." बाबा म्हणाले, "असू द्या, बघून घ्या." हवालदाराने बिचाऱ्याने बघून घेतलं.

अशा माणसावर केस असेल असं आमच्या स्वप्नातही आलं नसतं. ते कळलं दहाव्याला, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर.

नाशिकच्या घाटावर दहाव्याला कावळा शिवणं ही सोपी गोष्ट नाही. बाहेरगावचे लोक समजतात की इथे कावळ्यांना तोटा नाही. कावळे भरपूर आहेत, पण पिंडांना तोटा नाही हीच अडचण आहे. सकाळी आठपासून त्यांच्यासमोर भाताचे गोळे मांडलेले असतात. दहा वाजेपर्यंत ते जेवून तृप्त होतात आणि भिंतीवर बसून माणसांकडे बघत राहतात. आमचा नंबर साडेदहाला लागला.

भावाने पिंड ठेवले. आम्ही मागे सरलो. एक कावळा आला, पिंडाभोवती फिरला, आणि शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला शिवून निघून गेला. त्या लोकांनी आमच्याकडे जरा दिलगिरीने पाहिलं.

"काहीतरी राहिलंय त्याचं," आत्या म्हणाली. ही बाबांची मोठी बहीण. बाबांनंतर घरात हुकूम चालवायला आता तीच उरली होती. "बोला, बोला एकेकाने. सांगा त्याला."

मग आश्वासनं सुरू झाली. मी म्हटलं, आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. आई म्हणाली, गोळ्या वेळेवर घेईन. नाही. आत्या म्हणाली, "अरे, तुझी ती लोखंडी ट्रंक मी मागत होते, ती नको मला, राहू दे." एका कावळ्याने मान वळवली, पण तेवढंच. भाऊ पुढे झाला. घसा साफ करून म्हणाला, "बाबा, मी दर वर्षी येईन." भिंतीवरचे कावळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. त्याला वाटलं, मेल्यावरसुद्धा राग गेला नाही.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करू का? चालतं शास्त्राला. मागे पाच जण थांबलेत."

"थांबा," मागून कुणीतरी म्हणालं. बाबांचे ऑफिसातले मित्र होते ते, आम्ही त्यांना काका म्हणतो. मूळचे मनमाडचे, आवाज रेल्वेच्या फलाटावर घडलेला. ते चपला काढून पुढे आले, हात जोडले आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गड्या, तू त्या केसची काळजी करू नको. पोरं बघतील. सुटशील तू!"

दोन कावळे एकदम उतरले.

शेजारच्या लोकांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. आई पदर सावरत हळूच म्हणाली, "कुठली केस?"

काकांनी घरी येऊन जेवताना सांगितलं ते इतकंच होतं. निवृत्तीनंतर एकदा दोघं फिरायला गेले असताना त्यांनी बाबांना विचारलं होतं, की मुलगा इतका बोलावतो तर जात का नाहीस. बाबा म्हणाले होते, "माझ्यावर क्रिमिनल केस आहे. पासपोर्टला पोलीस चौकशी होते. त्यात ती निघेल." पुढे कितीही विचारलं तरी बोलले नाहीत. "आणि मला शपथ घातली," काका म्हणाले. "पण आता कावळाच अडून बसला म्हटल्यावर शपथ कुठवर पाळायची?"

भावाने हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे त्यांना यायचं होतं?"

"ते मी कसं सांगू बाळा? केस होती एवढं खरं."

जेवणं बाजूला राहिली आणि आत्याने तपास हाती घेतला. तिच्या मते बाबा तरुणपणी कुठल्यातरी आंदोलनात होते. आईच्या मते ते आंदोलनाच्या मिरवणुकीतसुद्धा डाव्या बाजूने चालले असते. काकांना वाटत होतं की ऑफिसची एखादी फाइल हरवली असावी. आई म्हणाली, फाइल हरवली असती तर हे आधी हरवले असते. भावाचं परतीचं विमान पुढच्या शनिवारी होतं. तो मला म्हणाला, "ताई, मला जायच्या आत हे कळायला हवं. त्यांनी खरंच केसमुळे काढला नाही पासपोर्ट, की काकांना पण एक कारण सांगितलं, तुळशीसारखं?"

मला प्रश्न कळला. उत्तर शोधणं माझ्या कामाचाच भाग आहे. कोणी ग्रंथालयात येऊन "निळ्या कव्हरचं एक पुस्तक होतं" एवढंच म्हटलं तरी मी ते शोधून देते. म्हटलं, केस म्हणजे कागद, आणि कागद कुठेतरी असतोच.

भावाने लॅपटॉप उघडला. न्यायालयांची वेबसाइट आहे, तिथे पक्षकाराचं नाव टाकून खटला शोधता येतो. नाव, वर्ष, आणि चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची. वर्ष आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तो एकेक वर्ष टाकत मागे जात राहिला. बाबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव आणि आमचं आडनाव ही तिन्ही जिल्ह्यात इतकी रुजलेली की एका संध्याकाळी आम्हाला बाबांच्या नावाचे अकरा आरोपी सापडले. एकाने नामपूरकडे कांद्याच्या चाळीवरून चुलतभावाचं डोकं फोडलं होतं. एकाने विहिरीवरची मोटर पळवली होती. एक जुगाराच्या अड्ड्यावर सापडला होता.

"जुगार?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्यांना इस्पिक आणि किलवर यातला फरक कळायचा नाही."

"हा देवळालीचा बघ," भाऊ म्हणाला. "बकरी चोरली."

"बकरी आणली असती तर मला दिसली नसती का?"

अकराही जणांची वयं आणि गावं जुळेनात. शिवाय जुने खटले त्या यंत्रात चढवलेलेच नव्हते. बाबांचा गुन्हा संगणकाच्या आधीचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा. टेबलामागे वयस्क हवालदार बसले होते, बोलण्यावरून नांदगावकडचे वाटले. मी म्हटलं, एका व्यक्तीवर पूर्वी काही गुन्हा नोंदला होता का ते बघायचंय.

"चारित्र्याचा दाखला पायजे का? ऑनलाइन अर्ज करा. ज्याचा हाय त्यानंच करायचा."

"वडिलांचा हवाय."

"मग त्यांना पाठवा."

"ते वारले."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मग आता दाखला कशाला? वर मागत्यात का?"

भाऊ हसला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, घाटावरचं पण. हवालदार गंभीर झाले. कावळ्याची गोष्ट निघाली की माणूस खात्याचा राहत नाही. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मग म्हणाले, "हे बघा, एवढं जुनं ठाण्यात नाय सापडणार. कोर्टात जावं लागेल. आणि कोर्टात गेलात की पहिलं विचारतील नंबर काय, साल काय. नुसत्या नावावर त्यांनी शोधायचं म्हटलं तर तुमच्या दहाव्याचं वर्षश्राद्ध होईल. घरात बघा. समन्स आलं असंल. तुमचे वडील कागद ठेवायचे का?"

मी आणि भावाने एकमेकांकडे पाहिलं.

बाबांच्या कपाटात आमच्या घराचं पहिल्यापासूनचं प्रत्येक लाइट बिल आहे. फाइलींवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात नावं आहेत. 'कामाचे'. 'कदाचित कामाचे'. 'बिनकामाचे, पण राहू द्यावे'. ही तिसरी फाइल चार भागांत आहे. आम्ही दोघं जमिनीवर बसून दीड दिवस वाचत होतो. भावाच्या शाळेच्या सहलीचं संमतिपत्र निघालं, मोडीत गेलेल्या मिक्सरची हमी निघाली, आणि माझ्या पहिलीतल्या गैरहजेरीबद्दल बाईंना लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रत. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू आवरताना रडू येतं म्हणतात. आम्हाला येत होतं, पण मध्येच गॅस सिलिंडरची पावती निघायची आणि ते थांबायचं.

पासपोर्टचे फॉर्म 'कामाचे'मध्ये होते. तीन. एक जुना छापील, दोन सायबर कॅफेतून काढलेले. तिन्ही पूर्ण भरलेले, फोटो चिकटवलेले. पहिल्या फोटोत बाबांचे केस काळे होते, तिसऱ्यात पांढरे. प्रवासाचं कारण विचारलेलं नसतानाही तिन्हींवर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मुलाकडे'. फक्त एका रकान्यात काही नव्हतं. आपल्याविरुद्ध कुठल्या न्यायालयात फौजदारी खटला चालू आहे का, असा तो रकाना. 'होय' लिहिलं तर पासपोर्ट मिळणार नाही, 'नाही' लिहिलं तर खोटं. बाबांनी तीन वेळा तिथपर्यंत येऊन पेन ठेवलं होतं.

भावाने तिन्ही फॉर्म एकावर एक ठेवले. मग उठून गॅलरीत गेला आणि तुळशीला पाणी घालून आला. मी सकाळीच घातलं होतं.

तिसऱ्या फॉर्मच्या मागे टाचणीने ते समन्स लावलेलं होतं. पिवळं, घडीवर फाटत आलेलं. नाशिकच्याच कोर्टाचं. नंबर, साल, तारीख सगळं होतं. आणि गुन्हा.

मी मोठ्याने वाचला. "सूर्यास्तानंतर दिव्याशिवाय सायकल चालवणे, व सदर सायकलीवर दुसरा इसम बसवणे."

भाऊ म्हणाला, "परत वाच."

मी परत वाचलं. आत्या तेव्हा घरीच होती. तिला ऐकू कमी येतं, म्हणून तिसऱ्यांदाही वाचलं. ती म्हणाली, "एवढंच? मी तर माणूस मारला असं धरून चालले होते. सगळ्यांना फोन करून झालेत माझे."

आई मात्र दारात उभी राहिली होती. चेहरा लाल झाला होता तिचा. सत्तरीच्या बाईचा चेहरा तसा लाल झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

"इसम कोणाला म्हणतात मेले?" ती म्हणाली. "मी होते ती."

लग्न ठरलं होतं, व्हायचं होतं. आई पंचवटीत राहायची, बाबा नदीवरच्या पुलाच्या अलीकडे खोली घेऊन. घरी मैत्रिणीकडे जाते सांगून ती त्यांच्याबरोबर भेळ खायला गेली. परतायला उशीर झाला, दिवेलागण झाली, म्हणून बाबांनी तिला सायकलच्या नळीवर बसवलं. पुलाच्या तोंडाशी पोलिसाने अडवलं.

"पोलीस म्हणाला, पुढे कोण बसलंय? तर हे म्हणाले, कोणी नाही."

"कोणी नाही?"

"मी समोर बसलेली! पोलीस म्हणाला, मग ही काय पिशवी आहे का? तरी यांचं आपलं तेच. कोणी नाही साहेब. मला इतका राग आला. चार दिवस बोलले नाही मी. म्हटलं, उद्या लग्नानंतर पण असंच म्हणणार का? त्या पोलिसाने यांचं नाव, पत्ता लिहून घेतला आणि आम्हाला सोडलं. मला वाटलं, दम दिला, संपलं. समन्सचं मला आज कळतंय."

मी समन्स उलटं केलं. बाबा प्रत्येक कागदाच्या मागे शेरा लिहायचे, ती त्यांची नोकरीतली सवय. तिथे दोन ओळी होत्या. 'तारखेस गेलो नाही. नाव विचारतील.' खाली तारीख आणि छोटी सही.

आईने तो कागद घेतला आणि आत गेली.

आता नंबर हातात होता. तरीही भावाला चैन पडेना. आपल्या वडिलांवर खरंच वॉरंट निघालं होतं का, की ते उगाच घाबरले, हे त्याला कळायला हवं होतं. "मी चौदा वर्षं ज्याच्यावर रुसलो ते नक्की काय होतं, ते बघून जाऊ दे मला," तो म्हणाला. विमानाला चार दिवस होते.

कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहिणारे बसतात. त्यातल्या एकाला मी कागद दाखवला. त्याने तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"शोध अर्ज करू. खटला सापडला की मग नकलेचा. मयताचा दाखला आणलाय? छान. अर्जदाराचं आरोपीशी नातं?"

"मुलगी," मी म्हटलं. बाबांना आरोपी म्हणायची सवय व्हायला मला एक क्षण लागला.

"नक्कल कशासाठी हवी? कारण लिहावं लागतं."

भावाने कावळ्यापासून सुरुवात केली. तो मनापासून सांगत होता. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, भावना पोचल्या. पण कावळा नको लिहायला. वरचे साहेब नवीन आहेत." मग त्याने टाइप केलं, 'कौटुंबिक कारणास्तव'. त्यावर आम्ही कोर्ट फीचं तिकीट लावलं.

रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी आमचा अर्ज घेणारे कारकून माझ्याच वयाचे होते. त्यांच्या मागे छतापर्यंत लाल कापडात बांधलेले गठ्ठे होते, प्रत्येकाला चिठ्ठी. डांबरगोळ्यांचा वास येत होता. दुःखात असूनही मला बरं वाटलं. मी म्हटलं, रचना फार छान आहे. त्यांनी संशयाने पाहिलं. बहुधा तिथे असं कोणी म्हणत नसावं. मी ग्रंथालयात असते हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. आम्ही वाळवीबद्दल थोडं बोललो. भाऊ घड्याळ बघत होता.

मग त्यांनी समन्स वाचलं. "हे किरकोळ खटल्यातलं आहे, मॅडम. अशा खटल्याचे कागद राहत नाहीत. ठरावीक वर्षांनी नष्ट करतात."

भावाचा चेहरा पडला. "म्हणजे काहीच नाही?"

"असं कुठे म्हटलं मी? कागद जातात. रजिस्टर राहतं. रजिस्टर कायम." हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं की बाबांनीच सांगितल्यासारखं वाटलं. बाबा ऑफिसात आयुष्यभर लोकांना हेच सांगत आले. अर्ज करा, असेल तर मिळेल. शेतकऱ्यांना, वकिलांना, भांडत आलेल्या भावाभावांना. आमच्या घरापासून ही खिडकी रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. पण इथे येऊन विचारायचं म्हणजे खिडकीवर आपलं नाव सांगायचं, आणि नाव सांगितलं की धरतील, अशी त्यांची समजूत. दुसऱ्यांची रेकॉर्डं काढून देणारा माणूस स्वतःचं एक रजिस्टर बघायला चाळीसहून जास्त वर्षं घाबरला.

कारकुनांनी शुक्रवारी बोलावलं. शनिवारी विमान. आम्ही तिघं गेलो. आई म्हणाली, इसमाला यायला हवं.

रजिस्टर जाडजूड होतं, कडा खाल्लेल्या. त्यांनी ते खिडकीत ठेवलं, आमच्याकडे फिरवलं आणि एका ओळीखाली पट्टी धरली. बाबांचं नाव होतं. वय लिहिलं होतं, ते भावाच्या आत्ताच्या वयापेक्षा कितीतरी कमी. गुन्ह्याचं कलम होतं. शेवटच्या रकान्यात समन्समधलीच तारीख, आणि शेरा.

फिर्यादी गैरहजर. आरोपी गैरहजर. काम बंद. निकाली.

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"म्हणजे आजी, ज्या पोलिसाने केस केली तो पण आला नाही. तुमचे मालक पण आले नाहीत. दोन्हीकडचं कोणी नाही म्हटल्यावर साहेबांनी केस बंद केली."

"कधी?"

"त्याच दिवशी. पहिल्याच तारखेला."

"वॉरंट वगैरे?" भावाने विचारलं.

"सायकलच्या दिव्याला?" कारकून हसले, मग आमच्याकडे बघून आवरतं घेतलं. "अहो, गेले असते तरी हवालदार नाही म्हणून घरी पाठवलं असतं त्यांना. केस त्याच दिवशी संपलीय. हे कोणीही येऊन बघू शकलं असतं."

आम्ही बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. समोर वकील, पक्षकार, भेळवाला अशी गर्दी होती. भाऊ हसायला लागला. आधी हळू, मग इतका की एक वकील थांबून विचारायला लागले, निकाल बाजूने लागला का? आई म्हणाली, "हो, सुटले." वकिलांनी अभिनंदन केलं आणि कार्ड दिलं.

हसून झाल्यावर भावाने डोळे पुसले. "मला एकदा सांगायचं ना त्यांनी. मी एका दिवसात शोधलं असतं."

"तुला सांगायचं म्हणजे नळीवर कोण होतं तेही सांगावं लागलं असतं," मी म्हटलं.

"मग सांगायचं! बायको होती ती!"

"तेव्हा नव्हते," आई म्हणाली. "आणि त्यांचं एकदा ठरलं की ठरलं. पोलिसाला कोणी नाही सांगितलं होतं ना, मग कोणी नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी उगाच चार दिवस बोलले नाही."

शनिवारी भाऊ गेला. जाताना त्याने तिसरा फॉर्म मागून घेतला, पांढऱ्या केसांचा. तो त्याने स्वतःच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. पोहोचल्यावर त्याचा फोन आला. तापमान त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतर आईने पासपोर्टचा अर्ज भरला. मी शेजारी बसले होते. खटल्याच्या रकान्यापाशी ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि 'नाही' लिहिलं, फार सावकाश. चौकशीला एक तरुण पोलीस घरी आला. चहा पिता पिता त्याने विचारलं, "आजी, काही गुन्हा, केस वगैरे?" आई म्हणाली, "होती, पण ती मालकांवर. मी त्यात पिशवी होते." मला त्याला सगळं समजावून सांगायला अर्धा तास लागला. तो म्हणाला, हे मी लिहीत नाही.

आईचा पासपोर्ट आला आहे. उन्हाळ्यात ती भावाकडे दोन महिने जाणार आहे. रजिस्टरमधल्या त्या ओळीची नक्कल मी 'कामाचे'मध्ये लावली. 'बिनकामाचे, पण राहू द्यावे' या फाइलीचे दोन भाग अजून वाचायचे आहेत. ते मी रोज थोडे थोडे वाचते.